राणीमाशी केजमध्ये (छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात) आहे, मधमाश्या जाळी चावतायत, सोडू का नको?

चारफ्रेमवाला
नमस्कार मंडळी, मेलिफेराची (युरोपियन मधमाशी) ४ फ्रेमची, म्हणजे पोळ्याच्या ४ चौकटींची, न्यूक (छोटी) पेटी आहे माझी, पहिलीच. जुनी राणी अंडी घालायची पण मधेमधे घरं रिकामी, ब्रूड (वाढणारी पिल्लं) अगदी चाळणीसारखं दिसायचं, म्हणून नवीन मेटिंग झालेली राणी मागवली. जुनी काढली, दोनेक तासांनी नव्या राणीचा केज दोन फ्रेमच्या मधे अडकवला, कँडीचं भोक खाली (त्यात साखरेचा गोळा असतो, माश्या तो खाऊन संपवतात तेव्हा राणी बाहेर येते). आज तिसरा दिवस. रोज उघडून बघतोय (राहवत नाही हो) आणि रोज तेच, केजवर माश्यांचा गच्च गोळा, बोटाने ढकललं तरी हलत नाहीत, जाळीची तार तोंडात धरून बसल्यात. आत राणी फिरतेय पण सोबतच्या ५ दासींपैकी (तिची सेवा करणाऱ्या माश्या) २ मेल्यात आणि कँडी अजून अर्धी शिल्लक. राणी आत उपाशी मरायची अशी भीती वाटतेय, हाताने सोडून देऊ का?

धुरांडं
अजिबात सोडू नका!! तुम्ही सांगताय ते स्वीकारल्याचं लक्षण नाही, राग आहे तो. स्वीकारलेली असेल तर माश्या जाळीवर सैल फिरतात, बोटाने बाजूला सारल्या की पटकन सरकतात, जाळीतून सोंड आत घालून राणीला भरवताना पण दिसतात. तुमच्या तारेला दात लावून बसल्यासारख्या आहेत, आत्ता सोडली तर तिच्याभोवती गोळा करून गुदमरवून नि तापवून मारतील. तसा गोळा कधी दिसलाच तर माश्या एकेक ओढत बसू नका, अख्खा गोळा भांडंभर कोमट पाण्यात टाकायचा, माश्या सुटतात, राणी उचलून परत केजमध्ये.

आता पहिलं काम, कँडीच्या भोकावर चिकटपट्टी लावा म्हणजे ती त्यांच्या मर्जीने बाहेर येणार नाही. आणि केज फिरवा, कँडी वरच्या बाजूला. भोक खाली असलं की मेलेल्या दासी तिथेच पडतात आणि वाट बुजते. उपाशी मरायची काळजी सोडा, आत अर्धी कँडी आहे.

माझा अंदाज, त्यांनी स्वतःची राणी करायला घेतलीय. जुनी गेली तेव्हा अंडी आणि कोवळ्या अळ्या मागे राहिल्याच ना, त्यातल्याच काही अळ्यांची घरं लांबवून राणीघरं बनवतात. घरात पोरगी वाढत असताना बाहेरची सून कोण घेणार :) जुनी काढल्यापासून सातव्या दिवशी प्रत्येक फ्रेम बघा आणि सगळी राणीघरं मोडा. सातवाच का, तर शेवटच्या अंड्यातून निघालेली अळीसुद्धा तोवर राणी करायच्या वयापुढे गेलेली असते, मोडल्यावर नवीन करायला काही उरत नाही. आणि दहाव्या दिवसाच्या पुढे ढकलू नका, थोडी मोठी अळी घेतली असेल तर राणी तेवढ्यात बाहेर पडते.

फ्रेमवरच्या माश्या पेटीतच हलक्या झटकून मग बघायचं. माश्यांच्या गर्दीखाली एखादं राणीघर लपलेलं असतं, आणि एक राहिलं की सगळं मुसळ केरात. फक्त केज लटकवलेली फ्रेम झटकू नका, केज आधी काढून बाजूला ठेवा.

पाकवाला
धुरांडं दादांशी सहमत, पण चिकटपट्टीपेक्षा मी पुश-इन केज वापरला असता. बारीक जाळीचा, कडा खाली वाकवलेला चौकोन, फ्रेमवर जिथे माश्या कोषातून बाहेर येतायत अशा जागी दाबून बसवायचा, त्याखाली राणी एकटी, दासी नाहीत. तिथे ज्या माश्या जन्मतात त्यांनी दुसरी राणी पाहिलेलीच नसते, त्या लगेच तिची सेवा करतात, आणि राणी तिथेच अंडी घालायला लागते. अंडी घालणाऱ्या राणीला बाकीच्या लवकर मानतात. कडा नीट पोळ्यात रुतल्या पाहिजेत मात्र, माझ्या एकदा खालून पोखरून आत घुसल्या, राणी गेली.

छोट्या पेटीत खरंतर हे काम सोपं असतं, वैतागतात त्या वयस्क, बाहेर जाणाऱ्या माश्या. आणि पाक देताय का? साखर आणि पाणी १:१, बाहेर काही मिळत नसेल तर पाजत राहा, पोट भरलं की स्वभाव मऊ होतो. पण दार बारीक करा, एक दोन माश्या जातील एवढंच, न्यूकमध्ये पाक ठेवला की शेजारच्या पेट्या लुटायला येतात आणि मग राणी राहते बाजूला.

रोज उघडणं मात्र बंद!

निळा_ठिपका
एकच प्रश्न, आत दुसरी राणी नाहीच याची खात्री आहे? कधीकधी माश्यांनी आधीच नवी राणी तयार केलेली असते आणि आई-मुलगी एकत्र राहतात. तुम्ही काढलेली आई आणि मुलगी आतच, असं झालं तर केजवर अशाच तुटून पडतील. जुनी काढून चार दिवस उलटले की अंडी शोधा. अंडं तीन दिवसांत फुटतं, त्यामुळे नंतर अंडी दिसली तर कोणीतरी घालतंय.

चारफ्रेमवाला
सगळ्यांचे आभार! अपडेट देतो. सातव्या दिवशी झटकून पाहिलं, अंडी एकही नव्हती म्हणजे दुसरी राणी नाही. राणीघरं ३ निघाली, दोन समोरच होती पण तिसरं फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, लाकडाला चिकटून, न झटकता दिसलंच नसतं. तिन्ही मोडली. एकात अळी दुधासारख्या पांढऱ्या जेलीत पोहत होती, वाईट वाटलं जरा. दुसऱ्या दिवशी फक्त झाकण उचललं तर केजवर माश्या मोकळ्या फिरत होत्या, बोट लावलं की बाजूला! तेव्हा पट्टी काढली आणि हात बांधून बसलो.

आज चौदावा दिवस, केज रिकामा. राणी दिसली नाही, सगळ्या फ्रेम शोधल्या दोनदा. पण मधल्या फ्रेमवर अंडी आहेत, प्रत्येक घरात तळाशी एकच, काही अजून सरळ उभी. परत शोधू का?

धुरांडं
अहो उभं अंडं म्हणजे कालपासूनचंच, राणी आहे तिथेच. एका घरात तीन-चार आणि भिंतीला चिकटलेली असती तर कामकरी माश्या घालतायत म्हटलं असतं. झाकण लावा आणि आठवडाभर पेटीच्या जवळ फिरकू नका, ती अजून नवखी आहे, उजेडात सैरावैरा पळते आणि पळणारी राणी दिसली की माश्या अंगावर येतात. ते रिकामं केज तेवढं काढून घ्या, नाहीतर त्या मोकळ्या जागेत वाकडं पोळं बांधतील.