नजर ठणठणीत, पण तांब्या ओळखू येईना

भांडीवाली सून: भांडी बाजारात आमचं दुकान आहे. सासऱ्यांना दिवाळीनंतर स्ट्रोक येऊन गेला. चालणं-बोलणं व्यवस्थित, डोळ्यांच्या डॉक्टरांनीही नजर उत्तम म्हणून सांगितलं. पण समोर पितळी तांब्या ठेवला की म्हणतात, "पिवळं, गोल, वर काठ वळलेला... सूनबाई, काय गं हे?" हातात दिला की लगेच, "अगं, तांब्या!" टिचकी मारून वाजवलं तर न बघता पितळ की कासं तेही सांगतात. नातेवाईक म्हणतात, विसरायला लागलेत. मला नाही पटत. उधारी कुणाकडे किती, सगळं तोंडपाठ आहे! हा काय प्रकार?

थेरपिस्ट, गंगापूर रोड: मलाही विसराळूपणा वाटत नाही. हातात घेतल्यावर नाव येतं म्हणजे वस्तूची माहिती शाबूत आहे. डोळा नुसता उजेड टिपतो, ओळखतो मेंदू. डोक्याच्या मागच्या भागात आधी कडा, उभ्या-तिरप्या रेषा वेगळ्या होतात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी हे मांजरांच्या मेंदूत दाखवलं, १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. तिथून खालच्या अंगाने, कानाच्या बाजूला जाता जाता रेषांचा आकार आणि आकाराची वस्तू होते. हा रस्ता दुखावला तर काठ दिसतो, रंग दिसतो, तांब्या काही दिसत नाही. व्हिज्युअल ॲग्नोशिया, म्हणजे दिसतं पण ओळखू येत नाही, असा प्रकार असू शकतो; न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच. बरं, तांब्या उचलायला हात नीट जातो का?

भांडीवाली सून: जातो की! बरोब्बर काठाला धरतात.

थेरपिस्ट, गंगापूर रोड: हात कसा न्यायचा हे ठरवणारा रस्ता वेगळा, डोक्याच्या वरच्या अंगाने जाणारा. डी. एफ. नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णबाईंवर गुडेल, मिल्नर वगैरे संशोधकांनी १९९१ मध्ये लिहिलं. खाच उभी की आडवी, बाईंना सांगता येईना. कार्ड मात्र त्याच खाचेत बिनचूक सरकवायच्या. त्यांना हे झालं होतं आंघोळीच्या वेळी, गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर बसवणाऱ्यांनो, वाचताय ना?

पंचवटीकर: आणि माणसं?

भांडीवाली सून: गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ओळखतात.

थेरपिस्ट, गंगापूर रोड: शक्य आहे. चेहऱ्यांसाठी मेंदूचा बराचसा वेगळा भाग राबतो. न्यूरॉलॉजिस्टना दाखवेपर्यंत घरातल्या वस्तूंच्या जागा हलवू नका. आणि फिनेलची बाटली पाण्याच्या बाटल्यांजवळ असेल तर आजच उचला.