ऑरलँडो डिस्ने: १६ वर्षांची लेक आणि २ वर्षांची भाची, हॉटेल कुठलं घेऊ?

खारीबिस्किट

नमस्कार मंडळी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून भावाकडे न्यू जर्सीत एडिसनला चाललोय आणि तिथून सगळे मिळून ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड करायचं ठरलंय. एकूण नऊ डोकी. आम्ही दोघं, लेक १६ ची, मुलगा १३ चा, भाऊ-वहिनी, त्यांचा मुलगा चार वर्षांचा, मुलगी दोनची, आणि आई (७१, गुडघे दुखतात, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही).

पार्कांबद्दल वाचून वाचून डोळे दुखले, गाडी अडलीये ती हॉटेलवर. वहिनी म्हणते छोटीला दुपारची झोप लागतेच, नाही झाली तर संध्याकाळी ती सगळं घर डोक्यावर घेते, त्यामुळे दुपारी परत येता येईल असंच हॉटेल हवं. लेक म्हणते आपण काय झोपायला चाललोय का तिकडे, रात्री हाकलेपर्यंत थांबायचं, आणि बाळांच्या कार्टूनवाल्या खोलीत मी राहणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. मुलाला काहीही चालतं, वायफाय हवं. भावाने चार नावं पाठवलीत, आर्ट ऑफ ॲनिमेशन, पॉप सेंच्युरी, कंटेम्पररी आणि ॲनिमल किंगडम लॉज. वेबसाइटवर सगळीच गोड दिसतात आणि किंमत बघितली की पोटात गोळा येतो. पाच रात्री राहणार. गाडी भाड्याने घ्यायची की नाही तेही ठरलेलं नाही.

असं सगळ्या वयाचं वऱ्हाड कोणी नेलंय का?

सायली_जर्सी

आधी एक गोष्ट, तारखा बघितल्यात का? नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्यू जर्सीत शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, आणि अर्धी जर्सी त्या आठवड्यात ऑरलँडोला असते, तिकडे त्याला सरळ जर्सी वीकच म्हणतात. भावाच्या मुलाची शाळा नसेल (चार वर्षांचा म्हणजे प्री-के) तर दोन-चार दिवस मागेपुढे करा, खोलीच्या भावात फरक पडतो.

आता हॉटेल. थीम, लॉबी, खोलीतले पडदे हे सगळं विसरा. दोनच प्रश्न विचारा. दुपारी एक वाजता झोपलेलं बाळ घेऊन पार्कातून खोलीत कसं पोचणार, आणि रात्री मोठी मुलं तुमच्याशिवाय परत कशी येणार. डिस्नेच्या बशीत स्ट्रोलर घडी घालूनच चढवावा लागतो. म्हणजे बाळ कडेवर, खांद्याला बॅग, एका हातात घडी केलेला स्ट्रोलर, आणि चार वर्षांचा पोरगा म्हणतोय मला खिडकी पाहिजे. बाळ तिथेच उठतं आणि मग ज्या झोपेसाठी एवढा खटाटोप केला ती झोप गेलीच. मोनोरेल आणि स्कायलायनरमध्ये तोच स्ट्रोलर उघडा तसाच ढकलत आत नेता येतो, बाळाला कळतही नाही.

स्कायलायनर म्हणजे २०१९ साली सुरू झालेला रोपवे. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या दोघांत मिळून एक स्टेशन आहे, तळ्यावरच्या पुलाच्या मधोमध. तिथून कॅरिबियन बीच या हॉटेलपाशी जायचं, केबिन बदलायची आणि एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओज, म्हणजे डिस्नेच्या चारपैकी दोन पार्कं. उरलेल्या दोन, मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला मात्र बसच. वीज कडाडायला लागली किंवा वारा सुटला की रोपवे थांबवतात आणि बशी सोडतात, पण हा त्रास उन्हाळ्यातला, नोव्हेंबरात हवा बरीचशी कोरडी असते. केबिनला एसी नाही, त्याचंही नोव्हेंबरात काही वाटत नाही.

पैशाचा प्रश्न नसेल तर कंटेम्पररी, डोळे मिटून. मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत दहाएक मिनिटं चालत, ना बस ना रांग. पण नऊ जणांना तिथे दोन खोल्या म्हणजे भावाला एडिसनचं घर गहाण टाकावं लागेल 😀

नागपुरी_टँपात

सायली ताईंचं सगळं बरोबर आहे पण १६ वर्षांच्या पोरीचा विचार कोणीच करून नाही राहिलं. पाच दिवस डिस्ने म्हणजे तिला तिसऱ्या दिवशी कंटाळा येते, लिहून घ्या. आम्ही टँपाला राहतो, तासा-दीड तासाचा रस्ता, पाहुणे आले की ऑरलँडो ठरलेलंच, म्हणून सांगतो.

एक रात्र युनिव्हर्सलला काढा, ऑरलँडोतलंच दुसरं मोठं थीम पार्क. सगळ्यांनी नाही, तुम्ही दोघांपैकी एकजण आणि दोन मोठी पोरं. युनिव्हर्सलची तीन महागडी हॉटेलं आहेत, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक. तिथे खोली घेतली की खोलीतल्या सगळ्यांना एक्स्प्रेस पास फुकट, आणि तो येण्याच्या दिवशीही चालते आणि निघण्याच्या दिवशीही. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवस रांग टाळली. पार्कचं तिकीट वेगळं बरं का, ते यात नाही. तो पास जुन्या दोन पार्कांतच चालते, २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्समध्ये नाही, ते डोक्यात ठेवा नाहीतर पोरं तिथे जाऊन तोंड पाडतील. व्हेलोसीकोस्टर या तिथल्या रोलरकोस्टरसाठी उंची ५१ इंच लागते, तुमची दोघं आरामात बसतील.

छोट्यांना तिकडे नेऊच नका, पैसे वाया.

चहाबाज

हॉटेल कशाला पाहिजे पण? ऑरलँडोजवळ किसिमीला चार बेडरूमचा व्हिला घ्या, स्वतःचा पूल, मोठं किचन, आई सकाळी पोहे करतील, नऊ जणांना माणशी हिशोब केला तर डिस्नेच्या निम्म्यातही होईल. आम्ही कायम तेच करतो. हॉटेलच्या एका खोलीत चौघं आणि एक बाथरूम, सकाळी दारावर थापा मारत बसा.

सायली_जर्सी

@चहाबाज व्हिला मस्तच, मी नाही म्हणत नाही, पण दुपारच्या झोपेचं गणित तिथे कोसळतं. मॅजिक किंगडमला गाडी पार्कपाशी लागतच नाही. पार्किंग लांब, तिथून बोट किंवा मोनोरेल, मग गेट. परत येताना तेच उलटं, आणि पुढे किसिमीचा ट्रॅफिक. बाळ खोलीत पोचेपर्यंत तास गेला, मग कोण जातंय परत. शिवाय आई सुट्टीत पोहे का करतील हो? त्या पण फिरायलाच आल्यात की.

डिस्नेच्या हॉटेलात राहिलं की सगळ्या पार्कांत रोज अर्धा तास आधी सोडतात. एरवी टीनेजर मुलांना त्याचा काही उपयोग नसतो, पण तुमची मुलं पुण्याहून येणार, जेटलॅगने पहाटे चारला टक्क जागी असतील. दुसरं, लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून छोटी रांग, ही हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी बुक करता येते आणि बाहेरच्यांना तीन दिवस आधी. बुकिंग फ्लोरिडाच्या सकाळी सातला उघडतं. ऑक्टोबरात ते आपल्याकडचे दुपारचे साडेचार. आठवडाभर आधी तुम्ही अजून पुण्यातच असाल तर हे काम लेकीवर टाका. तिच्या हातात दिलं की मग "बाळांची ट्रिप" राहत नाही ती.

खारीबिस्किट

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. व्हिला आमच्या ह्यांना एकदम पटला होता पण रोज सकाळी नऊ जण दोन गाड्यांत कोंबायचे म्हटल्यावर गप्प झाले.

मग आर्ट ऑफ ॲनिमेशनचा फॅमिली स्वीट घ्यावा का? सहा जण मावतात, दोन बाथरूम, मायक्रोवेव्ह आहे. अधिक एक साधी खोली. प्रश्न असा की १६ ची लेक आणि १३ चा भाऊ एका बेडवर झोपणार नाहीत, घरी रिमोटवरून मारामारी होते. आणि मोठ्या मुलांना एकटं सोडलेलं चालतं का तिथे?

मधुमालती

मी नुसती वाचत होते पण ह्या बेडच्या प्रश्नावर लिहावंसं वाटलं कारण आमच्याकडेही अगदी हाच घोळ होता, मोठी पुतणी आणि माझा पिल्लू.

स्वीटमध्ये एकच खरी बेडरूम असते, बाकीचे बाहेरच्या खोलीत सोफाबेडवर आणि टेबल उलटून निघणाऱ्या बेडवर. म्हणजे रात्री साडेआठला छोटी बेडरूममध्ये झोपली तरी बाहेरचे पण कुजबुजतच बोलणार, आणि साडेअकराला तुमची लेक आली की दार उघडणार ते त्याच खोलीत. मी तुमच्या जागी असते तर स्वीटऐवजी पॉप सेंच्युरीच्या तीन साध्या खोल्या घेतल्या असत्या. एका खोलीत चौघं मावतात, दोन क्वीन बेड, त्यातला एक दिवसा भिंतीत जातो आणि खाली टेबल होतं. भाऊ-वहिनी आणि दोन पिल्लं एकीत, तुम्ही दोघं आणि मुलगा दुसरीत, आणि तिसरीत आजी आणि नात. नातीला स्वतःची खोली मिळाल्यासारखं वाटतं, आजीला बाथरूम मोकळी, आणि कोणी कितीही वाजता आलं तरी बाळ उठत नाही. भाव दोन्हीचे टाकून बघा, एका स्वीटच्या पैशात पॉपच्या दोन खोल्या बऱ्याचदा बसतात. छोटीसाठी पाळणा फुकट मागवता येतो. खोल्या शेजारी-शेजारी हव्यात हे फोन करून सांगून ठेवा, पण मिळतीलच असं धरून चालू नका.

आणि पॉपला कार्टून तसं कमी, १९५० पासून नव्वदपर्यंतची दशकं आहेत. एका इमारतीला जिन्याच्या जागी चार मजली रुबिक क्यूब आहे, लेक त्याच्यासमोर फोटो काढेलच, पैज लावा. आर्ट ऑफ ॲनिमेशनचा मोठा निमोवाला पूल पुलापलीकडेच दिसतो पण त्यात पॉपवाल्यांनी पोहायचं नसतं, हे चार वर्षांच्या पोराला आधीच समजावून ठेवा.

एकटं सोडण्याबद्दल, डिस्नेचा नियम आहे की १४ च्या खालच्यांबरोबर १४ किंवा वरचं कोणीतरी हवं. तुमची लेक १६ ची, म्हणजे तिच्या सोबत मुलगा जाऊ शकतो. रात्री एपकॉटचे फटाके बघून दोघं रोपवेने परत, रस्ता ओलांडायचा नाही की गाडी बोलवायची नाही. शेवटची केबिन कधी सुटते तेवढं बघून ठेवायला सांगा.

दोन वर्षांच्या छोटीला तिकीट नाही, तीनच्या आत फुकट. पण दहा पूर्ण झाले की तिकीट मोठ्यांचं, त्यामुळे तुमच्या दोन्ही मुलांचं मोठ्यांएवढंच पडणार.

नागपुरी_टँपात

ॲनिमल किंगडम लॉजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. सुंदर आहे, काही खोल्यांच्या बाल्कनीतून जिराफ दिसते, पण सगळ्यात लांबचं, नुसती बसच. राहू नका, जेवायला जा. तिथे साना म्हणून रेस्टॉरंट आहे, भारतीय-आफ्रिकन पद्धतीचं, नान आणि बरोबर चटण्या-रायत्यांच्या वाट्यांची रांग येते. खिडकीबाहेर झेब्रे चरत असते. अंडं नको, नानमध्येसुद्धा नको, हे वेटरला आधी सांगा, तिथे ॲलर्जी आणि पथ्य नीट ऐकून घेतात. ॲनिमल किंगडम पार्कातून बसने दुपारी जा, काकूंचं जेवण होऊन जाते आणि गुडघ्यालाही आराम. टेबल ६० दिवस आधी बुक होते, उशीर नका करू.

काकूंसाठी व्हीलचेअर घ्याच, चालता येतं म्हणून घेणार नाहीत, तरी घ्या. रोपवेला व्हीलचेअरवाल्यांसाठी केबिन बाजूला घेऊन पूर्ण थांबवतात, चालत्या केबिनमध्ये चढायची भीती नाही.

खारीबिस्किट

तीन खोल्या! हे डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला आत्ताच विचारलं, "आजी आणि मी? चालेल, पण आजीने पहाटे पाचला स्तोत्र म्हणायचं नाही." आई म्हणाली मनातल्या मनात म्हणेन. भावाला मेसेज टाकलाय, पॉपच्या तीन खोल्या, गाडी नाही. युनिव्हर्सलची एक रात्र हे आणि दोघं मुलं, मी बाळांबरोबर पूलवर, मला काही हौस नाही उलटं लटकायची.

शेवटचं विचारते, भाऊ म्हणतो स्ट्रोलर तिथेच पार्कात भाड्याने घेऊ, एकच पुरे, चार वर्षांचा चालतो मस्त. बरोबर आहे का?

सायली_जर्सी

नाही!! पार्कातला भाड्याचा स्ट्रोलर कडक प्लॅस्टिकचा असतो आणि गेटबाहेर नेता येत नाही, म्हणजे झोपलेलं बाळ गेटपाशी उचलायचं, सगळं मुसळ केरात. घरून आणा किंवा ऑरलँडोतच बाहेरच्या दुकानातून भाड्याने घ्या, हॉटेलवर आणून देतात. आणि डबल घ्या. चार वर्षांचा घरी स्ट्रोलरकडे बघत नसेल, तिथे जेवणानंतर तोच आधी जाऊन बसेल. रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंचाच्या आत हवा, आणि ओढायची वॅगन आत सोडत नाहीत.

त्याची उंची पण आत्ताच बूट घालून मोजा. ३८ इंच भरली तर सेव्हन ड्वार्फ्स आणि स्लिंकी डॉग या दोन्ही रोलरकोस्टरांत बसेल. नाही भरली तर तिथे गेल्यावर रडारड नको, घरीच सांगून टाका. तुम्हाला मात्र रायडर स्विच मागता येईल. एकजण छोट्यांपाशी थांबतो, बाकीचे बसून येतात, मग थांबलेला पुन्हा रांग न लावता जातो आणि सोबत मोजक्या माणसांना नेता येतं. तुमची लेक आणि मुलगा त्यात दुसऱ्यांदा बसून घेतील, म्हणजे त्या वेळेपुरतं तरी लहान भावंडांवर फार प्रेम उतू जाईल.

चहाबाज

हॉटेलात पोहे मिळणार नाहीत एवढं लक्षात ठेवा. खोलीत फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह नाही, तो खाली फूड कोर्टात. पार्कात घरचं खाणं नेऊ देतात, काचेची बाटली-डबा तेवढा नको. आईंसाठी दशम्या आणि लसणाची चटणी एडिसनहूनच करून न्या.