चेकनाक्यावर नक्की काय चेक करतात?

परवा भाचीला घेऊन बसने मुलुंडला गेलो होतो. कंडक्टर ओरडला, "चला, चेकनाका!" तिने लगेच विचारलं, "मामा, इथे काय चेक करतात?" आता काहीच नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. ट्रकांच्या रांगा गेल्या, नाव तेवढं राहिलं.

पण या नावातला 'चेक' तपासण्यापेक्षा अडवण्याच्या जास्त जवळचा आहे, आणि तोच अर्थ जुना. मूळ शब्द फारसी 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळासोबत तो युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि 'चेक' झाला. आपल्याकडे तोच 'शह' म्हणून नांदतोय. म्हणजे शह-काटशहातला शह आणि बीपी चेक करण्यातला चेक एकाच घरातले! राजाला शह दिला की त्याची वाट अडते; त्यावरून रोखणे, मग ताब्यात ठेवणे आणि सगळं ठीक आहे ना ते पाहणे, असा अर्थ सरकत गेला. शर्टावरचे चेक्सही बुद्धिबळाच्या पटावरूनच आलेत.

मराठीत मात्र या एका चेकने बरीच क्रियापदं घरी बसवली. डॉक्टर पेशंटला तपासतात, हिशेब पडताळतात, अर्जांची छाननी होते, पोलीस झडती घेतात, सोनार सोनं पारखतो. आमटीतलं मीठ तर कोणी तपासत नाही, चाखून बघतात. तरी काल आमच्याच स्वयंपाकघरातून हाक आली, "जरा मीठ चेक कर रे!"

'तिकीट तपासनीस' हा मला फार आवडणारा शब्द. त्यातला 'नीस' चिटणीस, फडणीस यांच्यातलाच. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. दादरच्या पुलावर उभा असलेला टीसी दंडाची पावती लिहितो, तेवढ्यापुरता नावाला जागतो. लोक मात्र "पुढे चेकिंग आहे" एवढंच कुजबुजतात आणि जिना बदलतात.

ऑफिसातला "चेक करून सांगतो" हा प्रकार निराळाच. त्यात ना तपासणं असतं, ना सांगणं. मला आधी वाटलं, याला मराठी प्रतिशब्दच नाही. मग आठवलं, सहलीचे पैसे मागितले की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "बघू."