थंड कार्यालयात दिवसभर बसून काम करताना ऊब कशी टिकवावी?

प्रश्न

मी हिशेबाचे काम करते आणि दिवसातले आठ-नऊ तास टेबलाशी बसून असते. माझी जागा एका मोठ्या काचेच्या खिडकीला लागून आहे आणि डोक्याच्या थोडे पुढे, छतात, हवा सोडणारी जाळी आहे. थंडी सुरू झाल्यापासून अंगात स्वेटर आणि त्यावर जाड जाकीट घालूनही सकाळी अकरापर्यंत माझी पावले गार पडतात, आणि दुपारनंतर बोटे इतकी आखडतात की अंक टाईप करताना चुका होऊ लागतात. गेल्या आठवड्यात एका रकमेत एक शून्य जास्त पडले. सहकाऱ्याच्या वेळीच लक्षात आले म्हणून निभावले, पण तेव्हापासून माझा माझ्याच हातांवर भरवसा राहिलेला नाही.

तक्रार केली की मला भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा दाखवला जातो. तो नेहमी २२ अंश सेल्सिअस असतो. दोन रांगा पलीकडे बसणारे सहकारी बाह्या दुमडून काम करतात, त्यामुळे तापमान वाढवा असे म्हणायलाही संकोच वाटतो. २२ अंश असूनही मलाच एवढा गारठा का जाणवतो, जाकिटाचा उपयोग का होत नाही आणि इतरांना त्रास न देता मला काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी इमारतींच्या वातानुकूलनाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्हाला जाणवणारा गारठा खरा आहे आणि थर्मोस्टॅटचा आकडाही बहुधा खराच आहे. थर्मोस्टॅट स्वतःभोवतीच्या हवेचे तापमान सांगतो, तुमच्या खुर्चीत काय परिस्थिती आहे हे त्याला कळत नाही. माणसाला ऊब वाटणे हे हवेचे तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीरात निर्माण होणारी उष्णता अशा सहा गोष्टींवर अवलंबून असते. ओले फँगर या डॅनिश अभियंत्याने १९७० मध्ये या सहाही गोष्टी एका समीकरणात बांधल्या आणि आजची आंतरराष्ट्रीय मानके मुख्यतः त्याच पायावर उभी आहेत.

आधी तुमच्या खिडकीविषयी. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण ९ ते १० अंशांवर असतो. दुहेरी काच असेल तर तो १४-१५ अंशांच्या आसपास राहतो. तुमची त्वचा मात्र तेहेतीस अंशांच्या जवळपास असते. त्यामुळे खिडकीकडची तुमची बाजू, मधल्या हवेला वगळून, थेट त्या थंड काचेकडे सतत उष्णता सोडत राहते. शांत हवेत माणसाला जाणवणारे तापमान हे ढोबळमानाने हवेचे तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान यांची सरासरी असते. हवा २२ अंश असली तरी एक अख्खी बाजू गार काचेने व्यापली असेल, तर शरीराच्या हिशेबाने तुम्ही २२ अंशांत बसलेल्याच नसता. शिवाय काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते आणि जमिनीलगत तुमच्या पायांवरून वाहत जाते. पावले आधी गार पडतात याचे हे एक कारण आहे.

आता जाळीविषयी. तिच्यातून येणारी हवा उबदार असली तरी ती हलकी असल्यामुळे पुष्कळदा छताशीच रेंगाळते आणि खाली उतरत नाही. मग डोके उबदार आणि घोटे गार अशी स्थिती होते. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या आणि घोट्याच्या उंचीवरील तापमानात ३ अंशांहून अधिक फरक नसावा, अशी मर्यादा मानकांत आहे. तापवलेल्या हवेचा पुरवठा मधूनमधून बंद होऊन नुसताच पंखा चालू राहत असेल, तर तोच झोत मानेवर गार लागतो. मान आणि घोटे या दोन जागा झोताला सर्वांत हळव्या असतात.

म्हणून माझा आग्रह आहे की काहीही विकत घेण्यापूर्वी दोन दिवस मोजमाप करावे. एक साधा डिजिटल तापमापक घ्या आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी तीन ठिकाणी वाचने लिहून ठेवा: जमिनीपासून चार बोटे वर घोट्याशी, बसल्यावर डोके जिथे येते तिथे, आणि काचेपासून एका हातावर. तापमापक प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे तरी राहू द्या. जाळीचा झोत पाहण्यासाठी टिश्यू पेपरची अरुंद पट्टी मानेच्या उंचीवर धरा; ती सतत फडफडत असेल तर झोत तुमच्यावरच येतो आहे. "मला थंडी वाजते" या वाक्याला भिंतीवरचा आकडा हे उत्तर मिळते, पण "माझ्या घोट्याशी १७ अंश आहेत" या वाक्याला ते देता येत नाही. हे कागदावर घेऊन इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांकडे जा आणि जाळीच्या पात्यांची दिशा बदलून मागा. ते काम शिडी लावून दहा मिनिटांत होते आणि त्याने इतर कोणाचेही तापमान वाढत नाही. टेबल काचेपासून हातभर जरी आत सरकवता आले तरी फरक पडेल. ते शक्य नसेल, तर खिडकीच्या खालच्या भागात, तुमच्या गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंतच्या उंचीत, जाड पुठ्ठ्याचा किंवा फोमचा आडोसा उभा करा. तो आडोसा खोलीच्या तापमानाच्या जवळ राहतो, म्हणून तुमच्या शरीरासमोर काचेऐवजी उबदार पृष्ठभाग येतो.

सहकारी बाह्या दुमडून बसतात म्हणून तुम्ही संकोचू नये, असे मला मनापासून वाटते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी दाखवून दिले की या मानकांत वापरलेला चयापचयाचा आकडा सरासरी पुरुषाच्या शरीरावरून घेतलेला आहे आणि तो स्त्रियांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकतो. म्हणजे त्याच खोलीत, तेच काम करताना तुमच्या शरीरात मुळातच कमी उष्णता तयार होत असू शकते.

दुसरा प्रतिसाद

वरचा प्रतिसाद वाचला. जाकिटाचा उपयोग का होत नाही, या तुमच्या प्रश्नाविषयी मी लिहिते, कारण मीही एक पूर्ण हिवाळा हीच चूक करत होते. धड कितीही झाकले तरी पावले आणि खुर्चीला टेकलेली पाठ उघडी राहिली, तर उष्णता तिथून जात राहते. तुमची खुर्ची जाळीच्या पाठीची आहे का, ते पाहा. उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणून त्या खुर्च्या बनवतात, त्यामुळे थंडीत पाठीमागून वारा लागत राहतो. मी खुर्चीच्या पाठीवर आणि बैठकीवर घडी घातलेली लोकरी शाल पसरली आणि पहिल्याच दिवशी कमरेतला गारठा गेला.

कपड्यांची ऊब कापडातून नव्हे, तर त्यांच्या थरांत अडकलेल्या हवेतून मिळते. म्हणून एका जाड जाकिटापेक्षा अंगाला लागून पातळ थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि गरज पडल्यास वरून बिनबाह्यांचे जाकीट हे अधिक उबदार असते आणि टाईप करताना कोपरेही मोकळी राहतात. पायांनाही हाच न्याय लावावा. बहुतेक जण वर तीन थर आणि खाली एकच पँट घालतात. पँटच्या आत थर्मल घातले की पावलांपर्यंत पोहोचणारे रक्तच उबदार राहते. मोज्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. बुटांत कोंबून दोन जोड घातले तर पाय दाबला जातो, मधली हवा निघून जाते आणि पावले उलट अधिक गार पडतात. त्यापेक्षा लोकरीचा एकच जोड घालावा आणि बोटे हलवता येतील एवढी जागा बुटात ठेवावी. फरशी थंड असेल तर पायांखाली लाकडी किंवा फोमचे पायटेकण ठेवा. पावले जमिनीपासून वीतभर वर आली तरी तुम्ही त्या सरपटणाऱ्या गार हवेतून बऱ्याच अंशी बाहेर येता.

हातांसाठी मी बोटे उघडी राहतील असे मनगटी मोजे वापरते. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे मनगट झाकले की बोटांकडे जाणारे रक्त वाटेत गार होत नाही. तरीही बोटे आखडली, तर दोन्ही तळव्यांत गरम पेला धरून पाच मिनिटे बसावे आणि मगच अंकांचे काम हाती घ्यावे.

तिसरा प्रतिसाद

मला एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे, ती म्हणजे टेबलाखाली ठेवायचा हीटर. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे आम्ही चौघांनी आपापले छोटे पंख्याचे हीटर आणले होते. एका सकाळी ते सर्व एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालू होते. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला म्हणून वाकून पाहिले, तर बोर्डाचा एक कोपरा तपकिरी होऊन फुगला होता आणि त्याच्या शेजारी कागदांनी भरलेली टोपली होती. वेळेवर लक्ष गेले म्हणून काही अनर्थ झाला नाही, पण ते दृश्य मी विसरलेलो नाही. असा एक हीटर साधारण १५०० वॅट वीज घेतो. असे चार हीटर एका बोर्डावर लावणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. तुमचा हीटर थर्मोस्टॅटच्या जवळ असेल तर थर्मोस्टॅटला सगळी खोली तापली असे वाटते, तो उष्णता कमी करतो आणि बाकीचे लोक गारठतात.

त्याऐवजी मी आता पायाखालची विजेची गरम चटई वापरतो. ती १०० वॅटच्या आसपास वीज घेते आणि जिथे हवी तिथेच ऊब देते. कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, ती थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावावी आणि उठताना बंद करावी. गरम पाण्याची रबरी पिशवी वापरणार असाल तर तिच्यात उकळते पाणी कधीही भरू नका आणि रबराला बारीक भेगा दिसू लागल्या की ती टाकून द्या. पिशवी असो वा चटई, उघड्या त्वचेवर एकाच जागी तासन्‌तास ठेवू नये, कारण ४४-४५ अंशांची सुखद वाटणारी ऊबसुद्धा काही तासांत त्वचा भाजू शकते. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर हे टाळलेलेच बरे.

चौथा प्रतिसाद

वरील सर्व सूचना योग्य आहेत. त्यांत फक्त प्रकृतीची बाजू जोडते. शरीराला एकूण उष्णता कमी पडते आहे असे वाटले की ते धडाचे रक्षण करण्यासाठी हातापायांच्या बोटांतील रक्तवाहिन्या आवळून घेते. म्हणून हातमोजे घालूनही बोटे गार राहतात, आणि धड व पाय उबदार केल्यावर बोटे पुष्कळदा आपोआप मोकळी होतात. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की त्यांचे कौशल्य झपाट्याने घटते, पण त्याच्या बरेच आधीपासून टाईप करण्याचा वेग आणि अचूकपणा यांवर परिणाम जाणवू शकतो. तेव्हा त्या जास्तीच्या शून्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मात्र गारठ्यात तुमची बोटे पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्यांनी १८६२ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतरांपेक्षा सतत जास्त थंडी वाजणे हे रक्तक्षयाचे किंवा थायरॉइडची क्रिया मंदावल्याचेही लक्षण असू शकते, आणि या दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. दर पाऊण तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे किंवा एखादा जिना चढून उतरावा. चालताना शरीर बसल्यापेक्षा सुमारे दुप्पट उष्णता निर्माण करते आणि जिना चढताना त्याहूनही अधिक.

प्रश्न विचारणारीचा प्रतिसाद, बारा दिवसांनंतर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. दोन दिवस वाचने घेतली. सकाळी दहा वाजता डोक्याशी २१.५, घोट्याशी १७ आणि काचेजवळ १६ अंश होते, आणि कागदाची पट्टी तर क्षणभरही स्थिर राहिली नाही. हा कागद दाखवल्यावर देखभाल विभागाचा माणूस दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन आला आणि त्याने जाळीची पाती फिरवली. टेबल सरकवता आले नाही, म्हणून खिडकीला फोमचा आडोसा लावला. खुर्चीवर शाल आणि पायांखाली लाकडी पायटेकण आले. घोट्याशी आता १९ अंश असतात आणि दुपारी बोटे आखडत नाहीत. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले असून उपचार सुरू झाले आहेत. हे मला या चर्चेविना कळले नसते.

एकच गोष्ट राहिली आहे. सोमवारी सकाळी मात्र हे सगळे करूनही जेवणाच्या सुटीपर्यंत गारठा हटत नाही. भिंतीवरचा आकडा तेव्हाही २२ असतो.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

सुटीच्या दोन दिवसांत उष्णता बंद असते, तेव्हा हवेबरोबर भिंती, फरशी आणि टेबलखुर्च्याही गार होतात. सोमवारी यंत्रणा सुरू झाल्यावर हवा तासाभरात २२ अंशांना पोहोचते, पण या जड वस्तूंना तापायला कित्येक तास लागतात, आणि तोपर्यंत त्या सर्व थंड पृष्ठभागांकडे तुमच्या शरीरातून उष्णता जात राहते. सोमवारपुरती यंत्रणा दोन-तीन तास आधी सुरू करण्याची वेळ बहुतेक नियंत्रकांत घालून ठेवता येते. सोमवारी सकाळी फरशीवर तापमापक ठेवून एक वाचन घ्या आणि त्याच माणसाला दाखवा. शिडी घेऊन येणारा माणूस हेही करून देईल.