मदत हवी आहे: बहिणीच्या गरोदरपणातील साखर, वाढलेले वजन आणि दोन राज्यांतील दोन कार्डे

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिलटकरीण असून तिला अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे. सासर चंदगड तालुक्यात आणि माहेर खानापूर तालुक्यात असल्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांतील वजन-रक्तदाबाच्या नोंदी महाराष्ट्राच्या माता-बाल संरक्षण कार्डावर मराठीत आहेत, तर बाळंतपणासाठी इकडे आल्यानंतरच्या नोंदी कर्नाटकच्या तायी कार्डावर (म्हणजे तिथल्या माता कार्डावर) कन्नडमध्ये आहेत. दोन्ही कार्डे शेजारी ठेवून कोणी पाहिलेली नाहीत, आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते.

तिची उंची १५२ सेंटिमीटर आहे. गरोदर राहण्यापूर्वीचे वजन ६६ किलो होते, ते आता ७४ झाले आहे. तपासणीत उपाशीपोटी साखर ८८ आली आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १६२ आली. ओपीडीत गर्दी होती. डॉक्टरांनी ‘शुगर आहे, गोड बंद, पंधरा दिवसांनी या’ एवढेच सांगून पुढच्या पेशंटला बोलावले. आमच्या वडिलांना मधुमेह आहे.

घरात आता दोन टोके झाली आहेत. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आहे म्हणजे आजार नाहीच, असे तिच्या सासूबाईंचे म्हणणे असून, ‘दोन जिवांची आहे, बाळ गुटगुटीत व्हायला हवे’ म्हणून डिंकाचे लाडू आणि गोकाकचा करदंट यांचे डबे येत असतात. याउलट आमच्या आईने रिपोर्ट पाहिल्यापासून तिचा भात तोडला आहे आणि रात्री नुसत्या ताकावर ठेवले आहे. दोघींच्या मायेविषयी शंका नाही, परंतु मधल्या मध्ये बहिणीला धड जेवताही येत नाही. उपाशीपोटीचा आकडा चांगला असूनही हा मधुमेहच का? बाळाला अपाय वजनामुळे होतो की साखरेमुळे? यापुढे वजन किती वाढावे? आणि बाळंतपण गावाजवळच करावे की बेळगावला न्यावे? उपचार डॉक्टरांचेच चालतील; ते नीट समजावेत म्हणून विचारत आहे.

वेदगंगा (निपाणी)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

होय, हा गरोदरपणातील मधुमेहच आहे. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर १४० किंवा त्याहून अधिक आली, की निदान होते. त्यासाठी उपाशी असण्याचीही अट नाही. आंतरराष्ट्रीय निकषांत उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ या मर्यादा असून त्यांपैकी एक ओलांडली तरी पुरे होते. या काळात वारेतून (प्लासेंटातून) येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचे इन्सुलिन कमी प्रभावी ठरते, आणि आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांमध्ये हा दोष जेवणानंतरच्या साखरेत आधी दिसतो.

वजन की साखर, याचे उत्तर ‘दोन्ही, आणि स्वतंत्रपणे’ असे आहे. नऊ देशांतील २३ हजारांहून अधिक गर्भवतींचा ‘हापो’ हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईची साखर जसजशी वाढते तसतसे मोठ्या बाळाचे व सिझेरियनचे प्रमाण वाढत जाते, अमुक आकड्याखाली धोका शून्य अशी रेषा सापडत नाही, असे त्यात दिसले. पुढच्या विश्लेषणात जास्त वजनाचा परिणामही वेगळा मोजला गेला. दोन्ही एकत्र असलेल्या स्त्रियांमध्ये धोका सर्वांत अधिक होता. रक्तदाब वाढण्याची शक्यताही दोन्हींमुळे वाढते. अर्थात बारीक बाई सुरक्षित, असेही नाही.

बाळापर्यंत हे कसे पोहोचते, ते सासूबाईंना अवश्य सांगा. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, परंतु आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करते आणि त्याच्या खांद्यांवर व पोटावर चरबी साठते. प्रसूतीत डोके बाहेर येऊन खांदे अडकण्याची भीती असते ती यामुळे. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचे इन्सुलिन मात्र तसेच चढे राहते. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पहिल्या तासातच अंगावर पाजणे आणि टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहणे, या दोन गोष्टी चुकवू नयेत.

गुटगुटीतपणाविषयीही थोडे लिहिते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याच्या ग्रामीण भागातील आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची नवजात बाळे ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, तरीही आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती. तेव्हा वजनकाट्यावरून बाळाची तब्येत ठरवता येत नाही.

आपल्या बहिणीचा गरोदरपणापूर्वीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साधारण २८.५ येतो, म्हणजे वजन जास्त. या गटासाठी संपूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो वाढ योग्य मानतात. त्यातील आठ झाली आहे, म्हणजे उरलेल्या बारा आठवड्यांत फार तर तीन-साडेतीन किलो. वजन उतरवायचे नाही, आणि रात्री उपाशी तर मुळीच ठेवायचे नाही, कारण लांब उपासाने रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढतात. तीन बेताची जेवणे आणि मध्ये दोन-तीन लहान खाणी असावीत. जोंधळ्याची भाकरी, उसळ, पालेभाजी, अंडे किंवा दही, आणि भात हवाच असेल तर एक लहान वाटी. करदंटात डिंक आणि सुकामेवा असला तरी तो गुळात बांधलेला असतो, तो बंद. जेवणानंतर अर्धा तास चालावे. दोन आठवडे असे पाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर डॉक्टर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिन बाळाला अपायकारक नसते.

टिळकवाडीची काकू (बेळगाव)

मला दुसऱ्या खेपेला हेच झाले होते. बाळंतपणासाठी सिझेरियन आणि नवजात बाळाची काळजी या दोन्ही सोयी एकाच छताखाली असतील असेच ठिकाण आताच ठरवा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ऐन वेळी गाडी शोधत बसू नका. दोन्ही कार्डांवरील वजन, रक्तदाब आणि साखर तारखेनुसार एका कागदावर उतरवून घ्या. बाळ झाल्यावर साखर बहुधा नॉर्मल येते आणि सगळे विसरतात, पण पुढे मधुमेह होण्याची शक्यता कायम असते. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करतात. तोपर्यंत बहीण सासरी गेलेली असेल, तेव्हा तो कागद तिच्यासोबत द्या आणि चंदगडच्या आशाताईंना आधीच सांगून ठेवा.