मदत हवी आहे: डार्ट्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप सगळ्यांना खुली आहे, मग मुलीने कुठल्या वाटेने जावं?

माझी लेक चौदा वर्षांची आहे आणि डार्ट्स फार मनापासून खेळते. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दर डिसेंबरात सुरू होणारी पीडीसीची (प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशनची) वर्ल्ड चॅम्पियनशिप आम्ही दोघी मिळून बघतो. ल्यूक लिटलर अवघ्या १७व्या वर्षी २०२५चा विजेता झाला, तेव्हापासून तर तिला दुसरं काही सुचत नाही. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि बोर्डासमोर उभी राहते. मला खेळ बघण्यापुरता कळतो, पुढची वाट कळत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय.

प्रश्न खरं तर तिनेच काढला. "आई, ही स्पर्धा सगळ्यांची आहे ना? मग बायकांच्या जागा वेगळ्या का?"

मला ठाऊक आहे ते असं. नियमात स्त्री-पुरुष असा भेद नाही. फेकायची रेघ बोर्डापासून २.३७ मीटरवर, बुल म्हणजे बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर, ५०१वरून शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच (दुप्पट गुणांच्या बाहेरच्या अरुंद कड्यात) बसायला हवा. लिटलरला जे, तेच फॅलन शेरॉकसारख्या स्त्री खेळाडूला. कॅनडाची गेल किंग २००१ सालीच या स्पर्धेत खेळून गेली होती. मग डिसेंबर २०१८च्या स्पर्धेपासून स्त्रियांसाठी दोन जागा ठरवून दिल्या, आणि २०२०पासून विमेन्स सिरीज, म्हणजे पीडीसीची स्त्रियांची स्पर्धामालिका, सुरू झाली. तिथल्या कमाईच्या यादीत जी वर असेल तिला अलेक्झांड्रा पॅलेसचं दार उघडतं.

आता अडचण. तिला शिकवणारे म्हणतात, "मुलींच्या स्पर्धांवरच लक्ष दे, लवकर वर येशील." ती म्हणते, मला सगळ्यांशी खेळायचंय, मुलींच्या यादीतून आत गेले तर ते खरं नाही. चौदाव्या वर्षी तिच्या मनात हे घर करून बसू नये असं मला फार वाटतं. पण तिला खोटी समजूतही घालायची नाही.

दुसरी शंका सरावाची आहे. तिची तीन डार्ट्सची सरासरी चांगली वाढतेय. ट्रेबल २०ला (तिप्पट गुणांच्या पट्टीत) एक डार्ट लागला की दुसरा त्याला चिकटून बसतो. पण सामन्यात ४० उरले की हात बदलतो. पहिला डार्ट तारेच्या वर जातो, दुसरा आत सिंगल २०मध्ये पडतो, मग डबल १०कडे वळताना ती घाई करते. तोवर समोरचा लेग (५०१चा एक डाव) संपवून मोकळा. ह्यासाठी काय करून घ्यावं?

प्रतिसाद

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर देता येतं.

पीडीसीच्या आधीच्या बीडीओ या संघटनेची पुरुषांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७८ साली सुरू झाली. स्त्रियांची पहिली व्हायला २००१ उजाडलं. मधल्या २३ वर्षांत एका बाजूला बक्षिसं, टीव्ही आणि दर आठवड्याला तगडे सामने मिळत गेले, दुसऱ्या बाजूला त्यातलं फारच थोडं पोचलं. हा खेळ ताकदीचा नाही, सवयीचा आहे, आणि सवय लागते ती आपल्याहून सरस खेळाडूंसमोर पुन्हा पुन्हा उभं राहून. राखीव जागा हे तूट भरून काढण्याचं साधन आहे. ते दान आहे असं तिला वाटू देऊ नका.

तिला फॅलन शेरॉकची गोष्ट नीट सांगा. ती डिसेंबर २०१९च्या स्पर्धेत अशाच जागेवर आली होती. १७ तारखेला तिने टेड एव्हेट्सला ३-२ हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली स्त्री. चार दिवसांनी अकरावा मानांकित मेन्सुर सुल्योविच ३-१ गेला. तिसऱ्या फेरीत ख्रिस डोबीने तिला ४-२ थांबवलं. आत यायची वाट वेगळी होती, पण स्टेजवर तिला एक पॉइंटही कोणी सोडला नव्हता. पुढे २०२१च्या ग्रँड स्लॅममध्ये, पीडीसीच्या दुसऱ्या एका मोठ्या स्पर्धेत, ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली आणि पीटर राइटकडून १६-१३ हरली. ही काही चुकून घडलेली गोष्ट नव्हे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. वाटेबद्दल थोडी भर घालतो.

क्यू-स्कूलला, म्हणजे पीडीसीच्या पात्रता स्पर्धेला, १६ पूर्ण लागतात. तिथून व्यावसायिक स्पर्धांत खेळायचं टूर कार्ड मिळतं, ते दोन वर्षं चालतं, आणि अशी १२८ कार्डं असतात. तिथे स्त्री-पुरुष एकत्रच खेळतात. लिसा अ‍ॅश्टनने २०२०मध्ये तिथूनच कार्ड मिळवलं, असं करणारी ती पहिली स्त्री. १६ ते २४ वयासाठी डेव्हलपमेंट टूर आहे, तीही मुलामुलींची एकत्र. म्हणजे तुमच्या लेकीला "सगळ्यांशी" खेळायचं असेल तर रस्ता आहे आणि तो तिच्यासाठी दोन वर्षांनी उघडतोय. त्याआधीची वर्षं ज्युनिअर डार्ट्स कॉर्पोरेशनच्या धर्तीवरच्या मुलांच्या स्पर्धांची. लिटलर त्याच मुशीतून आला.

बो ग्रीव्ह्जकडे बघा. डिसेंबर २०२२मध्ये ती १८ वर्षांची असताना अलेक्झांड्रा पॅलेसला विल्यम ओकॉनरकडून ३-० हरली. म्हणून ती खचली नाही, खेळतच राहिली. ऑक्टोबर २०२५मध्ये वर्ल्ड यूथ चॅम्पियनशिपच्या उपांत्य सामन्यात तिने लिटलरला ६-५ हरवलं. जगज्जेत्या लिटलरला! अंतिम सामना जियान व्हॅन व्हीनकडून ६-५नेच गेला. ही मुलगी दोन्हीकडे खेळत मोठी झाली. "हे की ते" असा प्रश्न तिच्यापुढे आला तो दोन वर्ल्ड चॅम्पियनशिपपैकी एकच निवडायची वेळ आली तेव्हा.

प्रतिसाद

मला जरा वेगळं म्हणायचंय. तुम्ही सगळे बायकांच्या स्पर्धांकडे नुसती शिडी म्हणून बघताय. ट्रिना गलिव्हरने लेकसाइडच्या परंपरेत (इंग्लंडमधल्या या सभागृहात बीडीओची वर्ल्ड चॅम्पियनशिप व्हायची) दहा जगज्जेतेपदं मिळवली. ती कुठे पोचण्यासाठी मिळवली नव्हती, तीच मिळवायची होती. बो ग्रीव्ह्जनेही एकच निवडायची वेळ आली तेव्हा अलेक्झांड्रा पॅलेस सोडून लेकसाइड निवडलं आणि डब्ल्यूडीएफ या दुसऱ्या जागतिक संघटनेचं स्त्रियांचं विजेतेपद सलग तीनदा जिंकलं. त्या निवडीला कोणी कमी लेखू नये. मुलीला मोठ्या स्टेजचं स्वप्न जरूर द्या, पण दुसरं स्टेज लहान आहे असं शिकवून नको.

प्रतिसाद

डबलबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या लेकीचा खरा प्रश्न हाच आहे.

वर्ल्ड चॅम्पियनशिपचा २०२४चा अंतिम सामना पुन्हा लावा. लिटलर ४-२ पुढे होता आणि ५-२ करायला त्याला डबल २ हवा होता. तो डार्ट हुकला. ल्यूक हम्फ्रीजने तो सेट घेतला, नंतरचे चारही घेतले आणि ७-४ने जिंकला. तुमच्या लेकीचं जे होतं ते साक्षात लिटलरचंही झालं. वर्षभरानं तो परत आला आणि व्हॅन गेर्वेनला ७-३ हरवून गेला.

ह्या स्पर्धेची रचनाच अशी आहे की डबल महाग पडतो. तीन लेग जिंकले की सेट, आणि हरलेल्या सेटमध्ये घेतलेले दोन लेग मातीमोल. सरासरी जास्त असूनही माणूस हरतो, ते इथेच.

आता सराव. ४०च्या ऐवजी ३२ ठेवायची सवय लावून बघा. डबल १६चा नेम चुकून सिंगल पडला तर १६ उरतात, मग डबल ८, मग ४, मग २, मग १. दर वेळी समसंख्याच राहते, मध्ये एक डार्ट वाया जात नाही. ४०चं तसं नाही. २० झाले, १० झाले आणि डबल ५ला सिंगल लागला की ५ उरले, म्हणजे आधी विषम काढायचा आणि मग डबल. ५२ उरले असतील तर १२ मारून ४० करता येतात तसे २० मारून ३२ही करता येतात. हा निर्णय रेघेवर उभं राहायच्या आधी झालेला हवा. घाई होते ती हाताची नसते, डोक्यात आकडेमोड चालू असताना हात सुटतो म्हणून होते. १०० ते २ पर्यंत किती उरले की काय मारायचं ते तिला तोंडपाठ करायला लावा, जेवताना विचारा, जिन्यात विचारा.

आणि सरासरीची वही असेल तर तिच्यात एक रकाना वाढवा: डबलवर किती डार्ट्स टाकले, किती लागले.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेरॉकचे दोन्ही सामने काल रात्री एकत्र बघितले. लेक सुल्योविचच्या सामन्यात अजिबात बोलली नाही, नंतर म्हणाली, "तिला आत कुठून सोडलं हे कुणी विचारलंच नाही ना?" मला वाटतं, तिला उत्तर मिळालं. लेकसाइडबद्दलचा प्रतिसादही तिला वाचून दाखवला, तो तिला विशेष आवडला. ट्रिना गलिव्हर हे नाव आम्हा दोघींनाही नवीन होतं.

सोळा पूर्ण होईपर्यंत मुलामुलींच्या एकत्र स्पर्धा आणि मुलींच्या स्पर्धा, दोन्ही खेळायच्या असं तिच्या शिक्षकांशी बोलून ठरवतेय. ३२चा सराव आजपासून सुरू केलाय.

एकच विचारायचं राहिलं. डबल १६ बोर्डावर खाली डावीकडे येतो आणि ती उजव्या हाताने फेकते. त्यासाठी रेघेवर उभं राहायची जागा थोडी सरकवावी का, की जागा तीच ठेवून फक्त नेम बदलावा?

प्रतिसाद

जागा तीच ठेवा. रेघेवर सरकायचं ते आधीच्या डार्टने वाट अडवली असेल तेव्हाच. दर डबलला पाय हलवायची सवय लागली तर हाताला एकच फेक पक्की होत नाही. महिनाभर करून बघा आणि वहीतला तो नवा रकाना इथे टाका, मग पुढचं बोलू.