डेकखाली व्यायलेली बॉबकॅट हलवावी की राहू द्यावी?

टेकडीपार:
कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या दक्षिण टोकाला, टेकडीला लागून असलेल्या आमच्या वसाहतीत एका रिकाम्या घराच्या लाकडी डेकखाली एप्रिलअखेरीस बॉबकॅट (उत्तर अमेरिकेतले आखूड शेपटीचे रानमांजर) व्यायली असून तिची तीन पिल्ले आता बाहेर डोकावू लागली आहेत. खाजगी सापळेवाल्याकडून तिला पकडून दूर डोंगरात सोडावे, असा अर्ज समितीपुढे आला आहे. त्याला माझा विरोध आहे.

परवा सकाळी साडेसहाला ती सहा फुटी कुंपणाच्या अरुंद फळीवर चारही पाय जवळ घेऊन बसली होती. अंगाने घरच्या मांजरीच्या दुप्पट, शेपूट वीतभरही नाही, आणि कानांच्या मागच्या काळ्या बाजूवर एकेक पांढरा ठिपका. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी उभा आहे हे तिने पाहिले, पण नजर मात्र खाली खारीच्या बिळावरच ठेवली. वीस मिनिटांनी तिने उडी घेतली आणि खार मानेला धरून ती डेकखाली गेली. माणसाला पाहून पळाली नाही म्हणजे पिसाळलीच असणार, असे अर्जात लिहिले आहे. तसे काही नाही. एरवी पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणाऱ्या मादीला पिल्ले वाढू लागली की दिवसाही बाहेर पडावे लागते. ती ससे, उंदीर आणि आपल्या बागा पोखरणाऱ्या खारींवर जगते. तिला उचलले तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत आईवर अवलंबून असणारी पिल्ले उपाशी मरतील, आणि मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरी बॉबकॅट येईल. शिवाय पकडलेला वन्यप्राणी परस्पर दुसरीकडे नेऊन सोडायला कॅलिफोर्नियात मनाई आहे. तेव्हा ‘डोंगरात सोडू’ हे आश्वासन कायद्यातच बसत नाही.

अंगणवेल:
अर्जावर माझी सही आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. आमच्या सहा कोंबड्यांपैकी चार दोन रात्रींत गेल्या. खुराड्याची हलकी जाळी तिने एका कोपऱ्यातून उचकटली होती आणि सकाळी तिथे पिसे व एक पाय एवढेच उरले होते. ती पिसे माझ्या तीन वर्षांच्या मुलीने माझ्याआधी पाहिली. बॉबकॅट माणसावर क्वचितच हल्ला करते आणि केलाच तर ती बहुधा पिसाळलेली असते, हे मी वाचले आहे. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे, आणि अंगणात खेळते ती माझी मुलगी. आपण खिडकीतून पाहत होता, मी त्याच कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालते. हा फरक आपल्या लिहिण्यात कुठेच दिसत नाही.

कुकडीकाठ:
मी मूळचा जुन्नर तालुक्यातला, म्हणून हलवण्याबद्दल लिहितो. आमच्याकडे 2001 पासून उसातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका लावण्यात आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्या काळाचा अभ्यास केला, तेव्हा वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले 17 वर गेल्याचे आणि जिथे बिबटे सोडले त्या भागातही हल्ले झाल्याचे दिसले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर माघारी घराकडे निघते आणि वाटेत जे भेटेल त्याला भिडते.

अंगणवेल:
हे उदाहरण मला उलट बाजूने पटते. जुन्नरला माणसे मेली, म्हणजे जनावर घराजवळ वावरते तेव्हा धोका असतोच. बॉबकॅट बिबट्याएवढी नाही हे मान्य. मग बिबट्याचा दाखला माझ्या विरोधातच का चालावा?

हिरवी वाट:
एका गोष्टीचा कोणी उल्लेख केला नाही. त्याच रिकाम्या घराच्या भिंतीलगत उंदरांच्या विषाच्या दोन काळ्या पेट्या आहेत. रक्त गोठू न देणारी ही विषे उंदरातून बॉबकॅटच्या पोटात जातात. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाचे संशोधक 1996 पासून बॉबकॅटवर लक्ष ठेवून आहेत. तिथे 2002 ते 2005 या काळात खरजेच्या साथीने पुष्कळ बॉबकॅट मेल्या आणि त्या साथीचा या विषांशी संबंध आढळला. 2020 च्या कायद्याने त्यांतल्या सर्वांत जहाल विषांचा बहुतेक वापर कॅलिफोर्नियात बंद झाला, पण सर्व विषे त्यात नव्हती. समितीने मादीआधी त्या पेट्या उचलाव्यात.

टेकडीपार:
अंगणवेल, कपडे वाळत घालण्याबद्दल आपण लिहिलेत ते मला आधी सुचायला हवे होते. माझा विरोध सापळ्याला आहे, आपल्या काळजीला नाही. माद्या पिल्लांसह जागा बदलत राहतात. ही गेली की त्याच दिवशी डेकखालची फट जाड तारेच्या जाळीने, जमिनीत फूटभर पुरून, बंद करावी. तोवर ती अंगणात दिसली तर भांडे वाजवावे, पाण्याचा फवारा मारावा; माणसाचा त्रास होतो हे तिला कळले पाहिजे. खुराड्याला वरूनही जाळी लागेल, कारण ती कुंपण सहज चढते.

अंगणवेल:
फट बंद करण्याचे आणि पेट्या उचलण्याचे मला मान्य आहे, आणि खुराड्याची जाळी मी या आठवड्यातच बदलते. सही मात्र मागे घेत नाही. जूनअखेर ती तिथेच असेल, तर वन्यजीव विभागाचा माणूस येऊन पाहून जावा, एवढे समितीने लिहून द्यावे.